शुगरची गोळी, डाएट आणि गुडमार चूर्ण एकत्र चालतं का? मदत हवी आहे

नमस्कार, इथे बरेच दिवस नुसतं वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच. थोडं लांबेल पण अर्धवट सांगून कोणाला सल्ला देता येणार नाही म्हणून सगळं लिहिते.

आम्ही इंदूरचे, राजेंद्रनगरात राहतो. मिस्टर ५२ वर्षांचे, ६ वर्षांपासून शुगर आहे, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड २ एमजी चालू. मार्चमध्ये वजन ८६ किलो, कंबर १०४ सेंटीमीटर (आपल्याकडच्या पुरुषांची ९० च्या आत हवी म्हणतात), एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ७.८ आणि सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड १. डॉक्टर म्हणाले आधी वजन उतरवा. यांनी खरंच मनावर घेतलं. इंदूरच्या माणसाला हे किती अवघड असतं ते इथलाच जाणे, रविवारी सकाळी पोहे-जलेबी, पाहुणे आले की रात्री सराफ्यात खायला, आणि आमच्या घरी तर वरणभातावरसुद्धा सेव लागते. ते सगळं बंद केलं. रात्री ८ ला जेवण आणि मग दुसऱ्या दिवशी १२ ला, मध्ये फक्त पाणी आणि बिनसाखरेचा चहा, रोज पाऊण तास चालणं.

गोड मात्र सुटत नव्हतं. तेव्हा जाऊबाईंच्या ओळखीच्या एका वैद्यांनी गुडमार सांगितला, म्हणजे आपल्या मराठीत बेडकीचा पाला, मधुनाशिनी. सियागंजातून चूर्ण आणलं, अर्धा छोटा चमचा जेवणाआधी जिभेवर चोळून घ्यायचा. आणि खरं सांगते, याचा फायदा झाला. चूर्ण घेतल्यावर अर्धा-पाऊण तास गोडाची चवच लागत नाही, मी स्वतः करून बघितलं, पेढा तोंडात घातला तर नुसता मावा, साखरेचा दाणा वाळूसारखा. तीन महिन्यांत वजन ८१ वर आलं. म्हणून मी या चूर्णाच्या विरोधात नाही, हे आधीच सांगते.

आता गेल्या गुरुवारची गोष्ट. सकाळी ८ ला सवयीने गोळ्या घेतल्या, नाश्ता तर आता नसतोच. साडेअकराला चूर्ण घेतलं, मी कुकर लावला होता, वळून बघते तर हे ओट्याला धरून उभे, कपाळावर घामाचे थेंब, हात असे थरथरतायत की हातातली वाटी वाजत होती. ग्लुकोमीटर लावला तर ५८! घाईघाईत पाण्यात चार चमचे साखर घालून दिली, एक घोट घेतला आणि ग्लास बाजूला सारून मलाच ओरडले, "साखर कुठंय यात? साधं पाणी काय देतेस?" मला क्षणभर कळेचना, मग लक्षात आलं की चूर्ण जिभेवर आहे. जबरदस्ती पाजलं. १५ मिनिटांनी ७९ आली, मग जेवायला वाढलं. ती १५ मिनिटं मी नुसती त्यांचा हात धरून बसले होते. मी त्या वेळी भाजी आणायला गेले असते तर?

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेलं तेव्हा चूर्णाचं त्यांना पहिल्यांदाच कळलं. यांनी सांगितलंच नव्हतं, का तर "पाला आहे, औषध थोडंच आहे." सकाळचा नाश्ता बंद केलाय हेही नाही सांगितलं. डॉक्टरांनी समजावलं की एकट्या मेटफॉर्मिनने सहसा इतकी शुगर पडत नाही, पण ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायलाच लावतं, तुम्ही खाल्लं असो की नसो, आणि त्याचा असर दिवसभर राहतो. वजन उतरल्यावर तोच डोस जड होतो. वर गुडमारही शुगर उतरवतो. गोळी १ एमजी केली, ती पहिल्या जेवणासोबतच घ्यायची, आणि चूर्ण बंद. वैद्य म्हणतात चूर्ण बंद नका करू, पाहिजे तर गोळी कमी करा. दोघंही आपापल्या जागी जाणते आहेत, पण एकमेकांशी बोलत नाहीत आणि मधल्यामध्ये मी.

अजून एक. कपाटात एक डबाही सापडला, जिममधल्या एका मुलाने दिलेला "फॅट बर्नर". वर "१००% हर्बल" लिहिलंय, आत ग्रीन टी एक्स्ट्रॅक्ट, गार्सिनिया आणि "प्रोप्रायटरी ब्लेंड", म्हणजे कशाचं प्रमाण किती ते काहीच नाही. ग्रीन टीच्या अर्कातलं ईजीसीजी नावाचं द्रव्य दिवसाला ८०० एमजी किंवा त्याहून जास्त गेलं तर लिव्हरचे आकडे वाढू शकतात असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितलंय, कपातल्या साध्या ग्रीन टीची गोष्ट वेगळी. गार्सिनियानेही लिव्हरला त्रास झाल्याच्या केसेस आहेत. आणि अशा "हर्बल" डब्यांत सिब्युट्रामिन हे वजन उतरवायचं औषध मिसळलेलं सापडलंय, जे आपल्याकडे २०११ पासून बंद आहे. फॅटी लिव्हरच्या माणसाला हे कशाला? हा डबा मी सरळ उचलून ठेवलाय, त्यावर आमचं भांडणही झालं. एसजीपीटी (लिव्हरची रक्ततपासणी) करायला टाकलंय, रिपोर्ट उद्या.

मला हे विचारायचंय:

कोणाच्या घरी डॉक्टरांना सांगून, गोळीचा डोस बदलून गुडमार चालू ठेवलाय का? रोज किती वेळा शुगर बघायचात? ग्लिमेपिराइड बदलून दुसरी गोळी मागावी का, जिच्याने शुगर पडत नाही? आणि वैद्य-डॉक्टर दोघांना एका कागदावर कसं आणायचं, कोणी केलंय का?

---

सगळ्यांना खूप खूप धन्यवाद, इतक्या लोकांनी लिहिलं, रात्री बसून सगळं वाचलं. विचारलंय म्हणून सांगते, एसजीपीटी ६४ आलं, मार्चमध्ये ४१ होतं. डॉक्टरांनी डबा पूर्ण बंद करून महिन्याने एसजीपीटी परत करायला सांगितलंय. ज्या ताईंनी लिहिलं की ग्लुकोज पावडर उशाशी, खिशात, गाडीत सगळीकडे ठेवा आणि गोड लागलं नाही तरी प्यायचंच हे त्यांना आधीच समजावून ठेवा, तुमचे उपकार, ते आजच केलं. एका वहीत गोळ्या, चूर्ण, जेवणाच्या वेळा आणि शुगर असं सगळं लिहायला सुरुवात केलीये, हीच वही दोघांना दाखवणार. दारुहळदीच्या कॅप्सूल सुचवणाऱ्या दादांना एवढंच, त्यातल्या बर्बेरिननेही शुगर उतरते ना, मग आत्ता तरी नको.

मंगळवारी परत अपॉइंटमेंट आहे. आणि श्रावण तोंडावर आलाय, हे लग्नाआधीपासून श्रावणी सोमवार करतात, दिवसभर काही नाही आणि संध्याकाळी उपास सोडायचा. यांना "नका करू" म्हटलेलं चालणार नाही. तर ज्यांच्या घरी शुगर असून उपास होतात त्यांनी प्लीज सांगा, त्या दिवशीच्या गोळीचं डॉक्टरांनी तुम्हाला काय सांगितलं होतं?