अनुभव धागा : अजिलिटीतले शब्द, आमच्या कुत्र्यांच्या हिशेबाने

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडीकडे जे कुणी पडीक रानात किंवा घरामागच्या परड्यात अडथळे मांडून कुत्र्यांना पळवतात, त्यांच्यासाठी हा धागा. घोड्यांच्या अडथळा-उड्यांवर बेतलेला हा अजिलिटीचा खेळ १९७८ साली लंडनच्या क्रफ्ट्स या कुत्र्यांच्या प्रदर्शनात पहिल्यांदा दाखवला गेला. नियमात शब्दाचा अर्थ एक असतो, कुत्र्याच्या मनात दुसराच. तो दुसरा लिहा.

खानापूर :
वीव्ह पोल. नियम असा, की ६० सेंटिमीटरच्या अंतराने बारा काठ्या, पहिली काठी कुत्र्याच्या डाव्या खांद्याकडून जायला हवी, पुढे एकही न गाळता नागमोडी. टिप्याच्या मते कुणीतरी कुंपण घालायला घेतलं आणि मधेच सोडून जेवायला गेलं. आमच्याकडे बांबू मुबलक, पण त्याची पेरं खांद्याला घासतात, म्हणून पीव्हीसी पाइप वापरतो. आधी दोन ओळी लावून मधे वाट ठेवली, मग रोज ओळी थोड्या जवळ आणल्या. शेवटच्या पाइपवर शेपूट आपटल्याचा टक् आवाज आला की समजायचं, गडी पार झाला.

रायबाग :
आमची हरणी मुधोळ जातीची. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी जोपासलेली ही कुत्री नजरेनं सावज धरतात आणि सरळ रेषेत सुटतात. फ्रंट क्रॉस म्हणजे हँडलरनं (कुत्र्याला पळवणाऱ्यानं) कुत्र्याकडे तोंड करून त्याच्या पुढून बाजू बदलायची, म्हणजे त्याला वळण कळतं. हरणीचा अर्थ : "हा आडवा आला, म्हणजे शर्यत लावतोय!" ती उडी मारते, थेट उसाच्या बांधापर्यंत जाते आणि तिथून वळते. लांब पायांच्या, खोल छातीच्या कुत्रीला वळायला जागा लागणारच, त्यात तिचा काय दोष? हाकेपेक्षा ती आपले खांदे आणि पाय बघते. म्हणून ती उडी घ्यायच्या आधीच मी खांदा वळवतो. तिचा कान माझ्याकडे फिरला, की निरोप पोचला.

निपाणी :
झूमीज. कान मागे, शेपूट पोटात, मैदानाला सुसाट चकरा. आमच्या आईचा अर्थ : "काळूच्या अंगात आलं, नारळ आणा."

टिळकवाडी :
काँटॅक्ट. ए-फ्रेम म्हणजे दोन फळ्या एकमेकींना टेकवून केलेला तंबूसारखा चढउतार. त्याच्या उताराचा खालचा भाग वेगळ्या रंगाचा असतो, बहुतेक ठिकाणी पिवळा. उतरताना निदान एक पंजा तिथं पडायलाच हवा, नाहीतर पाच दोष (दंडाचे गुण). उंचावरून उडी टाकली तर कुत्र्याचे सांधे दुखावतात, म्हणून हा नियम मला फार आवडतो. आम्ही खाऊ त्याच पट्ट्यावर ठेवत गेलो. आता राणीच्या लेखी पिवळं म्हणजे खाऊ! रस्त्याकडेचा पिवळा पट्टा दिसला तरी दोन पंजे टेकून आशेनं वर बघत बसते. शेजारचे काका विचारतात, "काय वो, कुत्र्याला शाळेत घातलासा काय?"

चिक्कोडी :
रिफ्युजल म्हणजे अडथळ्यापुढे थांबणं किंवा बगल देणं. आंतरराष्ट्रीय नियमांत तिसऱ्या वेळी बाद. वाघ्या मात्र थांबतो तो वारा कुठून येतोय ते हुंगायला. पलीकडच्या वस्तीत भाकरी भाजायला घेतली असली, की तिसरं रिफ्युजल ठरलेलं. आम्ही सराव चुली पेटायच्या आधी उरकतो.