चक्रीय अर्थव्यवस्थेची प्रगती मोजायची कशाने?

धागाकर्ती:
युरोपीय संघाने चक्रीय अर्थव्यवस्थेच्या, म्हणजे वस्तू आणि साहित्य फेकून न देता शक्य तितके वापरात ठेवणाऱ्या अर्थव्यवस्थेच्या, निर्देशकांची चौकट २०१८ मध्ये आखली आणि २०२३ मध्ये सुधारली. तिच्यातला सर्वाधिक चर्चेतला आकडा म्हणजे एकूण वापरलेल्या साहित्यात पुनर्प्रक्रियेतून आलेल्या साहित्याचा वाटा. २०१० मध्ये तो सुमारे ११ टक्के होता आणि २०२३ मध्येही १२ च्या आसपासच होता.

माझा आक्षेप असा, की वस्तू मोडीत निघाल्यावरच हा आकडा तिची दखल घेतो. आमच्या तेरा वर्षांच्या मिक्सरचा कपलर झिजला, तेव्हा दुरुस्तीवाल्याने तो उलटा फिरवून काढला, नवा बसवला आणि मिक्सर पुन्हा घरघरू लागला. याची नोंद कुठल्याच रकान्यात होत नाही. तोच मिक्सर भंगारात गेला असता, तर त्यातले तांबे मात्र प्रगती म्हणून जमेस धरले गेले असते.

प्रतिसाद १:
धागाकर्तीशी सहमत नाही. मिक्सर टिकला म्हणजे नव्यासाठी लागणारा कच्चा माल वाचला. छेद लहान झाला की टक्केवारी वाढतेच. शिवाय सत्तावीस देशांत एकाच व्याख्येने दरवर्षी काढता येणारा आकडा सहजासहजी मिळत नाही. दुरुस्त्या मोजायच्या म्हटल्या, तर कोपऱ्यावरच्या दुकानदाराने कोणाकडे आणि कशासाठी विवरणपत्र भरायचे?

धागाकर्ती:
छेद लहान होतो, हे मान्य. पण वस्तू टिकल्या की कचराही घटतो आणि पाठोपाठ अंशही. साहित्याचा वापर निम्मा झाला आणि पुनर्प्रक्रियाही निम्मी झाली, तर देशाने केवढी मोठी मजल मारली तरी टक्का जागचा हलत नाही. नेदरलँड्सचा हा वाटा सुमारे ३० टक्के, म्हणजे संघात सर्वाधिक आहे. तरीही कच्च्या मालाचा वापर २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचे वेगळे उद्दिष्ट त्या देशाने २०१६ मध्येच ठेवले. टक्केवारीवर भागत असते, तर त्याची गरज काय होती?

प्रतिसाद २:
आपल्याकडे पंचाईत निराळीच आहे. पुण्यात कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था २००८ पासून घरोघरचा कचरा गोळा करते, म्हणून तिच्या कामाची निदान नोंद होऊ शकते; पण देशभर भंगारवाल्याच्या काट्यावर चढणारी रद्दी, पत्रा आणि पुठ्ठा बहुतांशी नोंदीबाहेरच राहतो. हे वजनच हिशेबात नसताना वस्तू किती टिकतात, हे मोजणारे निर्देशक मागणे मला घाईचे वाटते. आधी त्या काट्यावरचे आकडे वहीत येऊ द्या, आणि ती वही वेचकांच्याच हाती राहू द्या. वरून लादलेल्या नोंदणीने त्यांची रोजी बुडता कामा नये.

धागाकर्ती:
शेवटची अट मला पूर्ण मान्य आहे. मात्र वही उघडतोच आहोत, तर तिच्यात एक रकाना आणखी असावा: भंगारवाल्याने विकत घेतलेल्या पंख्यांपैकी किती वितळवायला गेले आणि किती वाइंडिंग करून पुन्हा विकले गेले. ही विभागणी तो भाव ठरवताना रोजच करतो.