मदत हवी आहे: कृतिदेवमधल्या जुन्या फायली युनिकोडमध्ये कशा आणायच्या?

नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीची जुनी इतिवृत्तं वर्डमध्ये, कृतिदेव ०१० या, इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार दाखवणाऱ्या जुन्या फॉन्टात आहेत. विंडोज ११ च्या नव्या लॅपटॉपवर उघडली की ‘मराठी’च्या जागी ई, जे, के, मोठा बी, एच असं काहीतरी दिसतं. फॉन्ट टाकल्यावर वाचता येतात, तो प्रश्न मिटला. पण सभासदांना मोबाइलवर पाठवायची तर युनिकोडच (म्हणजे वेगळा फॉन्ट न टाकता वाचता येणारं देवनागरी) हवं. कन्व्हर्टरमध्ये टाकलं तर मधला इंग्रजी मजकूरही तो देवनागरी करून टाकतो, तक्ते मोडतात आणि रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. (‘कार्यकारिणी’चं काय होतं ते विचारू नका!) फक्त कृतिदेवमधलाच मजकूर निवडून बदलणारं मॅक्रो (वर्डमध्येच चालणारा छोटा प्रोग्राम) कुणाकडे आहे का? लिब्रेऑफिसचं (वर्डसारखं मोफत सॉफ्टवेअर) असलं तरी चालेल. थकबाकीदारांची नावं असल्यामुळे फायली ऑनलाइन चढवायच्या नाहीत.