मदत हवी आहे: सॅन्ट्रोचा टायमिंग बेल्ट गणपतीआधी बदलू की आल्यावर?

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे 2009 ची सॅन्ट्रो झिंग आहे, पेट्रोल. शेजारच्या काकांकडून घेतली तेव्हा 41 हजार किमी झाले होते, आज 58 हजार. पंधरा वर्षं झाल्यावर पर्यावरण कर भरून आरसी पाच वर्षांसाठी वाढवून घेतली, त्यामुळे इतक्यात काढायचा विचार नाही.

रविवारी विक्रोळीला नेहमीच्या मेकॅनिककडे ऑइल बदलायला गेलो. त्याने सहज म्हणून टायमिंग बेल्टचं (इंजिनाचे भाग एकमेकांशी जुळवून फिरवणारा रबरी पट्टा) वरचं कव्हर सैल करून टॉर्च मारला आणि मलाच वाकून बघायला लावलं. बेल्टच्या पाठीवर आडव्या बारीक भेगा, एका कडेला दोरे सुटलेले. गाडी मात्र मख्खन चालते, आवाज नाही, पिकअप नीट. काकांना विचारलं, ते म्हणाले बेल्टला हात लावल्याचं आठवत नाही.

प्रश्न असा, की नऊ दिवसांनी गावी निघायचंय, सावंतवाडीला. पाच माणसं, डिकी भरून सामान. मेकॅनिक फक्त बेल्टचे 1,800 सांगतो, टेन्शनरसकट (बेल्ट ताणून धरणारी पुली) 4,500. बायकोचं म्हणणं, आत्ताच खर्च नको, आल्यावर बघू. 58 हजारांत बेल्ट जातो का? आणि नुसता बेल्ट टाकला तर चालेल का?

– लाल सॅन्ट्रो

बारातेराचा पाना: किमी विसरा, वय बघा. रबर आहे ते, उभ्या गाडीतही कडक होतं. तुमचा बेल्ट बहुतेक कंपनीतून आलेलाच आहे. आणि आवाजाची वाट बघू नका, हा बेल्ट सांगून तुटत नाही. तुटला की कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, जागच्या जागी थांबतो, पिस्टन वर येऊन उघड्या व्हॉल्व्हला ठोकतो. मग इंजिनाचं हेड उतरवा, वाकलेले व्हॉल्व्ह बदला. त्या बिलात तुमचे 4,500 कुठल्या कुठे जातील. कशेडी घाटाच्या आसपास भर पावसात टोचन शोधायची हौस असेल तर आल्यावर बदला.

भांडुपवाला: पानासाहेब रागावलेत, पण बरोबर आहेत. टेन्शनर बदलाच. त्याचं बेअरिंग जाम झालं तर नवा बेल्टही खातं, आणि मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागते. कव्हर उघडलंच आहे तर कॅम आणि क्रँक (पिस्टनमुळे फिरणारा मुख्य दांडा) यांची ऑइल सील बघायला सांगा. तेल पाझरत असेल तर सील आधी, बेल्ट नंतर. वॉटर पंपही हाताने हलवून बघू दे, खेळ असेल किंवा कूलंटचे डाग असतील तर त्याच दिवशी उरका.
माल स्वतः आणा. ऑपेरा हाऊसला किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडला मिळेल, पण सीएसटी रोडला जुना माल पुसून विकणारेही आहेत. सीलबंद खोका आणि पक्कं बिल.

बारातेराचा पाना: एक राहिलं. बेल्ट चढवल्यावर लगेच सेल्फ मारू देऊ नका. क्रँक पान्याने हाताने दोन पूर्ण फेरे फिरवायचा, मग क्रँक आणि कॅम दोन्हीच्या खुणा परत जुळल्या पाहिजेत. मध्येच अडकल्यासारखं वाटलं तर जोर लावायचा नाही, बेल्ट काढून पुन्हा. हे होईपर्यंत तिथून हलू नका, चहा तिथेच मागवा.

लाल सॅन्ट्रो: काल करून घेतलं. कॅमचं सील खरंच ओलं होतं, तेही बदललं. पंप ठीक निघाला. जुना बेल्ट मागून घेतला आणि घरी उलटा वाकवून दाखवला, तेव्हा बायको म्हणाली, "हा घेऊन निघणार होतास?" आता मीच निघणार होतो म्हणे!
पण आज सकाळी गाडी चालू केल्यावर दोन सेकंद चींऽ असा आवाज आला, मग बंद. काही चुकलं का?

भांडुपवाला: तो बाहेरचा, अल्टरनेटरचा बेल्ट. काम करताना काढला असेल, परत लावताना सैल राहिला. दहा मिनिटांचं काम आहे, फुकट करून मागा.