मदत हवी आहे : एस्पोसितो आडनावामुळे पणजोबा अनाथ ठरतात का?

बकुळफुले :
माझ्या सासरचे आडनाव एस्पोसितो हे इटालियन आहे. पुढच्या महिन्यात न्यूजर्सीत सगळे नातलग जमणार आहेत आणि वंशावळ तयार करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. हे आडनाव टाकून दिलेल्या मुलांना देत असत असे नवऱ्याच्या आत्यांनी वाचले आणि तेव्हापासून पणजोबा अनाथ होते असे त्या सर्वांना सांगत आहेत. माझ्या सासऱ्यांना ते ऐकवत नाही. संगणकावर शोधावे तर त्याच नावाच्या माणसांच्या याद्या संपत नाहीत. खरे काय ते कसे ठरवावे? कृपया लवकर सांगा.

दप्तरखाना :
गाव कोणते, जन्मसाल कोणते आणि तुमच्या हाती कोणता कागद आहे? पणजोबा नवऱ्याचे की सासऱ्यांचे? एवढे कळल्याशिवाय काहीही सांगणे योग्य होणार नाही.

दर्यावर्दी :
मूळ आडनाव वेगळेच असणार. न्यूयॉर्कच्या बंदरातील एलिस बेटावर स्थलांतरितांची तपासणी करणारे अधिकारी इटालियन लोकांची नावे मनाला येईल तशी बदलत असत, हे सर्वश्रुत आहे.

दप्तरखाना :
सर्वश्रुत असले तरी ते बरोबर नाही. प्रवाशांची यादी जहाज सुटताना तयार होत असे आणि बेटावरचे अधिकारी ती केवळ पडताळून पाहत. बहुतेक नावे बदलली ती पुढे, अमेरिकेत राहू लागल्यावर आणि बहुधा त्या माणसांच्या स्वतःच्या इच्छेने. शिवाय एस्पोसितो हे तर नेपल्स शहरातले अत्यंत रुळलेले आडनाव आहे.

मिलानवासी :
आडनावाचा उगम आत्यांनी सांगितला तो खरा आहे. लॅटिनमध्ये ‘एक्स्पोझितुस’ म्हणजे बाहेर ठेवलेला. नेपल्सच्या अनुन्झियाता या धर्मसंस्थेच्या भिंतीत फिरते लाकडी चक्र होते. त्यात बाहेरून मूल ठेवले की ते आत घेतले जाई आणि ठेवणाऱ्याचा चेहरा कोणाला दिसत नसे. तेथील मुलांना लोक ‘मादोनाची’ म्हणजे मदर मेरीची ‘लेकरे’ म्हणत. मी राहतो त्या मिलानमध्ये याच प्रथेतून कोलोंबो हे आडनाव पसरले, कारण तेथील मोठ्या इस्पितळाच्या चिन्हावर कबुतर होते. फ्लोरेन्समध्ये इनोचेंती, रोममध्ये प्रोयेत्ती. फ्लोरेन्सच्या अनाथगृहाची इमारत ब्रुनेलेस्की या वास्तुविशारदाने १४१९ साली उभारायला घेतली होती. तिथे गेलात तर ती अवश्य पाहा.

बकुळफुले :
इमारत पाहण्याचा प्रश्न नाही. पणजोबा सासऱ्यांचे नव्हेत, माझ्या नवऱ्याचे. नेपल्सजवळच्या तोर्रे देल ग्रेको येथे १८८६ साली जन्म, १९११ साली अमेरिकेत आगमन. जन्मनोंदीची प्रत माझ्याकडे आहे.

गुणसूत्र :
कागदांवर वेळ घालवण्यापेक्षा सासऱ्यांची डीएनए चाचणी करून घ्या. बाकी सर्व ऐकीव असते.

दप्तरखाना :
चाचणीतून दूरचे नातलग सापडू शकतील, परंतु आडनाव कोणत्या पिढीत आले हे ती सांगणार नाही. एकमेकांशी रक्ताचे नाते नसलेल्या असंख्य मुलांना हे एकच आडनाव मिळालेले आहे. बकुळफुले, जन्मनोंदीत वडिलांचे नाव आहे का?

बकुळफुले :
हो, वडील आणि आई दोघांचीही नावे आहेत. बाळाला नोंदणीसाठी वडिलांनीच आणले असे लिहिले आहे. हे महत्त्वाचे आहे का?

दप्तरखाना :
प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे. वडिलांनी स्वतः नोंदणीसाठी आणले, म्हणजे पणजोबा टाकलेले मूल नव्हते. नेपल्सचे चक्र १८७५ साली बंद झाले, हे आणखी एक कारण. आणि त्याहून मोठे कारण असे की मुरा हा नेपल्सचा राजा असताना, म्हणजे १८०८ ते १८१५ या काळात, अशा मुलांना एस्पोसितो हे आडनाव देण्यास मनाई झाली, कारण त्यामुळे जन्मभर त्यांच्यावर शिक्का बसत असे. पुढे त्यांना निरनिराळी आडनावे देण्यात येऊ लागली. म्हणून १८८६ साली जन्मलेल्या एस्पोसितोला हे आडनाव वारशानेच मिळालेले असणार. चक्रात ठेवलेले ते बाळ त्यांच्या कितीतरी पिढ्या आधीचे असेल आणि त्यात लाज वाटण्यासारखे काहीही नाही. ते बाळ जगले, मोठे झाले, त्याने संसार केला, म्हणूनच आज हे कुटुंब आहे.

वसईकर :
आमच्या वसईतही पूर्वजांना बाप्तिस्म्याच्या वेळी पोर्तुगीज आडनावे मिळाली. आडनाव एक म्हणून कुळ एक असे आमच्याकडेही मानता येत नाही.

नागरिकत्व_मार्गदर्शन :
पणजोबांच्या आधारावर तुमच्या मुलांना इटलीचे नागरिकत्व मिळेल. ताबडतोब अर्ज करा.

मिलानवासी :
कृपया अशी घाई करायला लावू नका. मार्च २०२५ पासून नियम कडक झाले असून आता साधारणपणे आई-वडील किंवा आजी-आजोबा यांच्यापर्यंतच आधार धरला जातो. आणि हा प्रश्न त्यांनी विचारलेलाही नाही.

बकुळफुले :
नागरिकत्व नको आहे. सासऱ्यांना आजच जन्मनोंद वाचून दाखवते. परंतु मूळ बाळापर्यंत पोहोचायचे असेल तर पुढे कोणता कागद शोधू?

दप्तरखाना :
पणजोबांच्या वडिलांची विवाहनोंद प्रथम शोधा, तिच्यात त्यांच्या आई-वडिलांची नावे मिळतील. मग त्या आई-वडिलांचा विवाह पाहा. तो १८६५ पूर्वीचा असेल तर तुमचे काम बरेच सोपे होईल, कारण १८०९ पासून नेपल्सच्या राज्यात विवाहासोबत कागदांचा जुडगा जोडत असत : वधूवरांच्या जन्माचे उतारे, वडील हयात नसल्यास त्यांच्या मृत्यूचा दाखला आणि अनेकदा आजोबांच्या मृत्यूचाही. एका जुडग्यातून अठराव्या शतकात जन्मलेला माणूस हाती लागतो. त्यापुढे चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या आहेत. नागरी नोंदी इटलीच्या सरकारी अभिलेखागारांच्या ‘अंतेनाती’ या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. शोधताना प्रत्येक पिढीत आईचे आडनाव धरून चला. इटलीच्या नोंदींत विवाहानंतरही स्त्रीचे माहेरचे आडनावच लिहितात आणि इतक्या एस्पोसितोंमधून तुमचे कोणते हे त्यावरूनच ओळखता येईल. पणजोबांच्या आईचे माहेरचे आडनाव काय लिहिले आहे?