खाऱ्या टाकीत तपकिरी फुलं आणि केसाळ किडे, काय करू?

विश्रामबागकर:
सांगलीत घरी माशांची दोन फुटी समुद्री टाकी आहे. क्लाउन माशांची जोडी, शिवाय झोअँथिड आणि मशरूम हे कोरल. मागच्या दगडाच्या कपारीत तपकिरी, आरपार दिसणारी फुलं उगवलीत. बारीक देठ, वर टोकदार मिशा. काडी लागताच गपकन आत जातात. रात्री टॉर्च मारला तर वाळूत गुलाबी केसाळ किडे, काचेवर पांढरे ठिपके. धास्ती बसलीये. फुलं खरवडून काढू? की कॉपरचं औषध टाकू?

मिरजकर:
दादा, दोन्ही नको. कॉपरनं कोळंबी, गोगलगायी, कोरल सगळंच जाईल, शिवाय ते दगडात मुरतं. आणि फुलं म्हणजे ऐप्टेशिया, फुलासारखा दिसणारा उपद्रवी समुद्री जीव. खरवडताना त्याच्या पायाचा कणभर तुकडा राहिला तरी त्यातून नवं उगवतं. डंख मारून शेजारचे झोअँथिडही मिटवून टाकतं, म्हणून वेळ काढू नका.

माझा भरवसा चुन्यावर. कॅल्शियम हायड्रॉक्साइड म्हणजे आपला विरलेला चुनाच, पण टपरीवरची डबी नको, केमिकलवाल्याकडून शुद्ध पावडर आणा. आरओच्या पाण्यात घट्ट दह्यासारखी कालवा. हातमोजे आणि चष्मा घालाच, चुना डोळ्याला फार वाईट. सगळे पंप बंद करा. सिरिंज अगदी सावकाश, वरून, त्याची सावली न पडू देता न्या आणि मिटायच्या आत बरोब्बर तोंडावर लगदा सोडा. मिटलंच तर कपारीचं भोक लगद्यानं बुजवून टाका. पंधरा-वीस मिनिटांनी पंप सुरू. एका वेळी दोन-तीनच घ्या, नाहीतर पीएच उसळतो.

केसाळ किडे ब्रिसल वर्म. उरलंसुरलं खाऊन वाळू साफ ठेवतात, राहू द्या. फक्त उघड्या हातानं धरू नका. केस टोचलेच तर चिकटपट्टीनं ओढून काढा. काचेवरचे ठिपके टुणटुण उडत असतील तर ते कोपेपॉड, कोळंबीच्या जातकुळीतले इवले जीव, माशांचा खाऊच. गोगलगाईसारखे वळलेले आणि जागचे हलत नसतील तर गाळून खाणारे निरुपद्रवी वर्म.

साताराकर:
पेपरमिंट कोळंबीही ऐप्टेशिया खाते, त्यातही लहान आधी. मात्र विकत घेताना नीट बघा. पाठीला कुबड आणि लालपांढरी नक्षी असेल तर ती कॅमल कोळंबी, तुमचे झोअँथिडच फस्त करेल. पेपरमिंटच्या अंगावर बारीक लाल उभ्या रेघा असतात. आणि माशांना खाणं आवरतं घाला, उरलेल्या खाण्यावरही हे ऐप्टेशिया पोसतं.

विश्रामबागकर:
दोघांचे आभार. काल दोन फुलांवर चुना सोडला, आज ती जागा पांढरी आहे आणि बाजूचे झोअँथिड पूर्ण उघडलेत. पण दगडावर गंजाच्या रंगाचे चपटे, तांदळाच्या कणीएवढे जीव दिसतायत, शेपटीला टोकं आहेत.

मिरजकर:
लाल फ्लॅटवर्म. थोडे असतील तोवर पाणी बदलताना बारीक नळीनं ओढून घ्या. खूप झाले तरी लगेच औषध ओतू नका, कारण ते मरताना विष सोडतात आणि एकदम मेले तर मासेसुद्धा जातात. आधी जमतील तेवढे ओढून काढा, ताजा कार्बन (विष शोषणारा कोळसा) आणि बदलायचं पाणी तयार ठेवा, मग औषध. फोटो टाका, बघून सांगतो.