महाभारतावर एकांकिका लिहितोय, द्यूतसभेत किती बदल केलेले चालतात?

पेठेतला_एसवाय:
नमस्कार. एसवाय बीएला आहे, पुण्यातच. आमच्या ग्रुपला यंदा पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेला स्वतःची संहिता घेऊन उतरायचंय आणि लिहायचं काम माझ्याकडे आलंय. विषय मीच सुचवला, द्यूतसभा. म्हणजे फाशांचा डाव आणि मग द्रौपदीला सभेत आणतात तो सगळा भाग. गोष्ट लहानपणापासून ऐकलेली, तरी दर वेळी माझं डोकं एकाच ठिकाणी अडकतं की ती बाई त्या सगळ्या गोंधळात सरळ एक कायद्याचा प्रश्न विचारते, आधी राजा स्वतःला हरला की मला, आणि समोर एवढी मोठी माणसं बसलेली असून कुणालाच नीट उत्तर देता येत नाही. मला नाटक त्या प्रश्नावर करायचंय. जितक्या सादरीकरणांत हा भाग पाहिलाय तिथे प्रश्न दोन वाक्यांत उरकतात आणि लगेच साडीवर येतात.

आता अडचण अशी की ग्रुपमध्ये दोन तट पडलेत. अर्ध्यांना सगळं आजचं हवंय, हिंजवडीतलं ऑफिस, दुर्योधन कंपनीचा मालक, फाशांच्या जागी शेअर्स वगैरे. बाकीचे म्हणतात कथेला हात लावायचाच नाही, लोक चिडतील. घरी आजोबांचंही तेच, महाभारत हा इतिहास आहे त्यात मनाचं घालू नये म्हणतात, आणि त्यांनी दोनदा पूर्ण वाचलंय त्यामुळे त्यांचं म्हणणं मला झटकून टाकता येत नाही.

दुसरं, पहिला प्रवेश मी मयसभेत लिहिलाय, दुर्योधन पाण्यात पडतो आणि द्रौपदी वरून हसून म्हणते आंधळ्याचा मुलगा आंधळाच. एका मैत्रिणीची ताई संस्कृत शिकते, ती म्हणाली हे वाक्य मूळात नाहीच. खरंय का हे? आणि नसेल तर ठेवू की काढू?

तिसरं आणि महत्त्वाचं, द्रौपदी करणारी मुलगी म्हणाली मला स्टेजवर केस धरून ओढत आणलेलं आणि साडी ओढलेली नको. मला तिचं शंभर टक्के पटतं. पण मग तो प्रसंग दाखवायचा कसा?

लॉ_कॉलेज_रोडवाली:
तुझ्या मैत्रिणीची ताई बरोबर सांगतेय. पुण्यात आहेस तर हे तुला घराजवळच तपासता येईल. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली ती याच प्रश्नासाठी, की सगळीकडे जे महाभारत म्हणून चालतं त्यातलं सगळ्यात जुनं हाती येणारं रूप कुठलं. 1919 मध्ये काम सुरू झालं, 1925 पासून संपादक म्हणून वि. स. सुखटणकरांनी ते हातात घेतलं, 1943 मध्ये ते गेले, पुढे इतरांनी नेलं आणि 1966 मध्ये पुरं झालं. 1,259 हस्तलिखितं, काश्मीरच्या शारदा लिपीपासून केरळच्या मल्याळम लिपीपर्यंत, समोर ठेवून श्लोक न् श्लोक ताडून बघितलाय. त्या आवृत्तीत मधल्या काळात घातलेले भाग फेकून दिलेले नाहीत, खाली पाठभेदांत, म्हणजे वेगवेगळ्या हस्तलिखितांत वेगळं काय आहे त्याच्या टिपांत, आणि परिशिष्टांत जपलेत. तुझ्यासारख्या लिहिणाऱ्याला तर खालचा भाग जास्त कामाचा आहे असं माझं मत, कारण आपल्याआधीच्या लोकांना कुठे काय घालावंसं वाटलं ते तिथे दिसतं.

आंधळ्याचा मुलगा हे वाक्य त्यात द्रौपदीच्या तोंडी नाही. पण तू नुसतं ते वाक्य काढून थांबू नकोस कारण खरी मजा पुढे आहे. सभापर्वात हा पाण्यात पडायचा प्रसंग दोनदा येतो. पहिल्यांदा निवेदक सांगतो तेव्हा नोकर हसतात, भीम हसतो, अर्जुन, नकुल, सहदेव हसतात आणि त्याला कोरडी वस्त्रं दिली जातात. द्रौपदीचं नावही नाही. नंतर दुर्योधन हस्तिनापूरला जाऊन बापाला तेच सांगतो तेव्हा त्याच्या सांगण्यात कृष्ण आणि अर्जुन मोठ्याने हसतात आणि द्रौपदी इतर बायकांबरोबर हसते, माझ्या मनाला लागेल अशी. म्हणजे द्रौपदीचं हसू दुर्योधनाच्या तोंडून आलेलं आहे, निवेदकाच्या नाही! मी हे पहिल्यांदा शेजारी शेजारी ठेवून वाचलं तेव्हा बराच वेळ पुढे सरकलेच नाही. ती तिथे होती का नव्हती, हे ग्रंथ स्वतःच दोन तोंडांनी सांगतो. तुला मनाचं काही घालायची गरजच नाहीये, दोन्ही प्रवेश दाखव, एकदा तिच्याशिवाय आणि एकदा दुर्योधन सांगतोय तसा. पुढे सभेत तो तिच्याशी जे वागतो त्याचं मूळ या दुसऱ्या सांगण्यात आहे हे प्रेक्षकाला आपोआप कळेल.

आजोबांना हेही सांग की साडी पुरवणारा कृष्ण, म्हणजे तिने केलेला धावा, तोसुद्धा मुख्य पाठात नाही. वस्त्रामागून वस्त्रं येत राहतात एवढंच आहे, कुणी पुरवली ते सांगितलेलं नाही. धावा खाली पाठभेदांत आहे. तो ज्याने घातला त्याने भक्तीनेच घातला आणि शेकडो वर्षं लोकांनी तो मनापासून म्हटला, त्यामुळे मी त्याला खोटा म्हणणार नाही. पण कथेला हात लागलेला आहे आणि प्रेमाने लागलेला आहे, हे त्यांना पटेल असं वाटतं.

आणि एक, विकर्णाचं भाषण पूर्ण वाच. कौरवांतला धाकटा भाऊ उभा राहून सांगतो की व्यसनात बुडालेल्या माणसाने केलेलं धरायचं नसतं, ती पाचांची पत्नी आहे एकट्याची नाही, राजा आधी स्वतःला हरला होता, आणि तिला पणाला लावायची कल्पना शकुनीची. वकिलासारखं बोलतो अगदी. त्याला गप्प बसवतो कर्ण, आणि वस्त्रं काढून घे असं दुःशासनाला सांगणाराही कर्णच. तुमच्या ग्रुपात कर्णाचे चाहते असतीलच, त्यांच्याशी आधी बोलून घे.

विंगेतून:
मी पाच सहा वर्षं एकांकिका बसवल्यात, आता नोकरी सांभाळून जमेल तसं करतो. वर ताईंनी जे लिहिलंय ते पेनने उतरवून घे.

ऑफिसचं बोलतो आधी. कपडे बदलले म्हणजे नवं झालं असं होत नाही रे. ऑफिस आणलंस की पहिली दहा मिनिटं प्रेक्षक कोण कोण आहे हे ओळखण्यात घालवतो, हा शकुनी, हा विदुर, आणि ओळखलं की हसतो आणि त्यातच सगळा जीव जातो. शिवाय तुझा प्रश्न तिथे टिकत नाही, ऑफिसात बायकोला पणाला लावता येत नाही त्यामुळे तुला त्याच्या जागी काहीतरी मिळमिळीत शोधावं लागणार. भाषा आजची ठेव, ड्रेपरी म्हणजे कपडे साधे एका रंगाचे ठेव, आणि काळ कुठला ते सांगूच नकोस.

आता तुझ्या तिसऱ्या प्रश्नाचं. माझ्या मते तुझं नाटक प्रातिकामीचं आहे. तो दुर्योधनाचा निरोप्या, सूत. आधी विदुराला सांगतात तिला घेऊन ये, तो नकार देतो, मग याला पाठवतात. हा आत जातो, सांगतो तुला डावात लावलं आणि हरले. ती म्हणते परत जा आणि विचार त्या जुगाऱ्याला, आधी स्वतःला हरलास की मला. आणि हा बिचारा खरंच परत येऊन भर सभेत तो प्रश्न विचारतो! युधिष्ठिर काही बोलत नाही. दुर्योधन म्हणतो तिलाच इथे येऊन विचारू दे. परत आत. परत बाहेर. शेवटी त्याचा पाय निघत नाही तेव्हा दुर्योधन म्हणतो हा भीमाला घाबरतो, दुःशासना तू जा. म्हणजे तो सगळ्यांत जगप्रसिद्ध प्रश्न सभेत पहिल्यांदा एका नोकराच्या तोंडून आलाय. हे रंगमंचावर काय होईल विचार कर.

लेव्हल्स म्हणजे स्टेजवरचे उंचवटे दोनच ठेव, डावीकडे सभा, उजवीकडे तिचं दालन, मधली जागा पूर्ण मोकळी आणि त्या मोकळ्या जागेतून हा पोरगा येजा करतोय. प्रत्येक फेरीला चाल बदलली पाहिजे. पहिल्यांदा हुकूम आहे म्हणून भराभर जातो, परत येताना प्रश्न तोंडपाठ करत येतो, दुसऱ्यांदा मध्येच थांबतो. यावर तालमीत सगळ्यात जास्त वेळ घाला, संवादांपेक्षा जास्त. आणि दुःशासन निघाला की प्रातिकामी मध्येच उभा राहतो, सभेकडे पाठ, प्रेक्षकांकडे तोंड, आणि मागे काय चाललंय ते सगळं त्याच्या चेहऱ्यावर. द्रौपदीला कुणी हात लावायची गरज नाही, ती एकटी स्वतःच्या पायाने सभेच्या प्रकाशात येऊन उभी राहू दे, केस मोकळे. तुझी अभिनेत्री बरोबर बोललीये, ओढाताण दाखवली की प्रेक्षक साडीकडे बघतो आणि प्रश्न विसरतो. संगीत नको तिथे. सभेतल्या प्रत्येकाला एकच काम दे, नजर चुकवायची, पण प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. भीष्म धर्म सूक्ष्म आहे म्हणतो तेव्हा तो खरंच अडकलाय असं दिसू दे, त्याला ढोंगी करू नकोस, स्वस्त होईल.

रामकृष्णहरी:
माझं मत वेगळं आहे. रागाने नाही लिहीत. आमच्या घरी हे ग्रंथ सोवळ्यात वाचले जायचे. तुम्ही मुलं हुशार आहात पण स्पर्धेत बक्षीस मिळवायला व्यासांचं वापरताय असं नको व्हायला. नवीन काही सांगायचं असेल तर नवीन गोष्ट लिहा की. द्रौपदी काय किंवा भीष्म काय, लोकांची श्रद्धा असते.

कीर्तनकाराची_लेक:
काका, श्रद्धेचं मलाही कळतं, मी कीर्तनातच वाढले. पण वडील पूर्वरंग म्हणजे आधीचं निरूपण झालं की उत्तररंगाला आख्यान, म्हणजे गोष्ट, लावायचे तेव्हा दर गावात ते वेगळं व्हायचं, समोर कोण बसलंय ते बघून. मुक्तेश्वरांनी महाभारत ओवीत आणलं, मोरोपंतांनी आर्येत. मोरोपंत तर आपल्या बारामतीचे, रामायण किती तऱ्हांनी लिहिलं त्यांनी, एक निरोष्ठ आहे, ज्यात ओठाला ओठ लागेल असं अक्षरच येत नाही! कोकणात दशावतारात आजही कथानक ठरलेलं असतं पण संवाद नट उभ्या उभ्या रचतात, लिहिलेली संहिता नसते, आणि त्या आधी गणपतीची पूजा होते ती मनापासूनच होते. आणि खाडिलकरांचा कीचकवध 1907 चा, विराटपर्वातलीच गोष्ट, सैरंध्री म्हणजे अज्ञातवासातली द्रौपदी, कीचक, भीम, फार काही बदललेलं नव्हतं तरी बघणाऱ्याला कीचकात व्हाईसरॉय राहिलेला कर्झन दिसला आणि इंग्रज सरकारने 1910 मध्ये त्यावर बंदी घातली. जुनी गोष्ट नव्याने सांगण्याची ताकद ही. नवीन गोष्ट लिहिली असती तर तेवढं पोचलं नसतं असं मला वाटतं.

बाळा, तुला एकच सांगते, शेवट कुठे करतोस ते ठरव. बहुतेकांचा शेवट भीमाच्या प्रतिज्ञेवर होतो कारण टाळी मिळते. पण त्यानंतर धृतराष्ट्र तिला वर देतो तो भाग बघ. पहिल्या वराने ती युधिष्ठिराला सोडवते, का तर माझ्या मुलाला कुणी दासाचा मुलगा म्हणू नये. दुसऱ्याने बाकीच्या चौघांना, रथ आणि धनुष्यांसकट. तिसरा माग म्हणतो तर नको म्हणते, लोभ धर्माचा नाश करतो. स्वतःसाठी एकही मागत नाही आणि प्रश्नाचं उत्तर तर तिला शेवटपर्यंत मिळत नाही. माझे वडील हे सांगताना वीणा खाली ठेवायचे, गायचे नाहीत, नुसतं बोलायचे.

पेठेतला_एसवाय:
सगळ्यांचे मनापासून आभार, रात्री ग्रुपला हे सगळं वाचून दाखवलं. ऑफिस रद्द झालं, थोडी भांडणं झाली पण झालं. मयसभा दोनदा करतोय, एकदा तिच्याशिवाय, एकदा दुर्योधनाच्या सांगण्यातली. आंधळ्याचं वाक्य काढलं. प्रातिकामी करायला ज्या मुलाला घेतलंय तो आत्तापर्यंत बॅकस्टेजला होता, पण चालतो फार छान. रामकृष्णहरी काका, तुमचं म्हणणंही सगळ्यांना वाचून दाखवलं. आजोबांना सभापर्वाचा तो भाग काढून दिला तर ते आता स्वतःच वाचत बसलेत आणि विकर्णावर माझ्याशी वाद घालतायत, त्यांच्या मते तो एकटा उठला तरी उठून निघून गेला नाही म्हणून त्याचं अर्धंच मोजायचं. हे मी नाटकात घेणार आहे, त्यांना विचारून.

अजून एक विचारायचंय. प्रातिकामीला नाव द्यावं का? घर, बायको, थोडी मागची गोष्ट? ग्रुपमधले काहीजण म्हणतात त्याशिवाय प्रेक्षक जोडला जाणार नाही.

विंगेतून:
नाव नको. सभेत कुणी त्याला नावाने हाक मारत नाही, तसंच ठेव. मागची गोष्ट तर अजिबात नको, ती आणलीस की द्रौपदीच्या प्रश्नाचा वेळ त्याच्या बायकोला जाईल. फार तर एक कर, तिसऱ्यांदा जा म्हटल्यावर तो नाही म्हणतो, पण ते तोंडाने नको, नुसता हलत नाही. तिथे किती थांबायचं ते तालमीत घड्याळ लावून नाही, समोर चारजण बसवून ठरव. आणि पुढेमागे तिकीट लावून बाहेर प्रयोग करणार असाल तर संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे नाटकं तपासणाऱ्या सरकारी मंडळाकडे, पाठवावी लागेल, त्याला वेळ लागतो, स्वच्छ टाइप केलेली प्रत आत्तापासूनच ठेव.

लॉ_कॉलेज_रोडवाली:
नाव नको याला माझाही दुजोरा. विकर्णाबद्दल आजोबांना द्रोणपर्व दे पुढे, तिथे भीम त्याला मारतो आणि त्याच्यासाठी हळहळतो. वाद आणखी वाढेल, पण तुला एक चांगला संवाद नक्की मिळेल त्यातून.